दाखल्यावर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

मोटो गुझ्झी या इटालियन मोटारसायकलींच्या मालकांच्या आपल्या क्लबाने जुन्या गाड्यांना दाखले देण्याचे काम आता तुझ्याकडे सोपवले, हे कळून समाधान वाटले. रविवारच्या सहली आखायला पुष्कळ हात वर होतात, पण चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबरांच्या वह्या चाळत बसायला सहसा कोणी तयार होत नाही. वास्तविक क्लबाबाहेर ज्याला किंमत आहे असे आपले काम हेच. इटलीहून किंवा अमेरिकेतून आणलेली जुनी गाडी ब्रिटनमध्ये नोंदवायची, तर तिच्या बनावटीच्या वर्षाचा पुरावा द्यावा लागतो, आणि स्वॉन्झीचे वाहन नोंदणी कार्यालय त्यासाठी मान्यताप्राप्त क्लबाचा दाखला ग्राह्य धरते. तिथल्या कारकुनाने गाडी पाहिलेली नसते. त्यामुळे सातबाऱ्याचा उतारा देणाऱ्या तलाठ्याइतकी जबाबदारी तुझ्या सहीवर येते, पगाराचे मात्र नाव काढायचे नाही.

गुझ्झीच्या बाबतीत हे काम अवघड होते ते गाडीच्या गुणामुळेच. गुझ्झीचे अभियंते कार्कानो यांनी घडवलेले, ‘व्ही’ आकारात दोन्ही बाजूंना पसरलेल्या दोन सिलिंडरांचे इंजिन १९६७ मध्ये व्ही७ या गाडीतून बाजारात आले, तेव्हा त्याचा डायनमो दोन सिलिंडरांच्या मधोमध, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला होता, आणि त्यामुळे चासीही उंच ठेवावी लागली. त्यांच्यानंतरचे अभियंते लिनो तोंती यांनी तो डायनमो काढून क्रँकच्या पुढच्या टोकाला अल्टरनेटर बसवला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून चासीचा मुख्य कणा नेला. १९७१ ची व्ही७ स्पोर्ट बुटकी आणि चपळ झाली ती या एका फेरबदलामुळे. चासीचे खालचे दोन पाइप बोल्ट काढून सुटे करता येतात, म्हणून इंजिन उतरवणेही सोपे. हीच चासी थोड्याफार फरकाने पुढे कित्येक दशके वापरात राहिली, आणि म्हणून ८५० टी३ या नंतरच्या गाडीचे इंजिन व्ही७ स्पोर्टच्या चासीत फारशा खटपटीशिवाय बसते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या क्रोमचे पापुद्रे सुटून जुने इंजिन निकामी झाले की लोकांनी हाताशी असेल ते दुसरे इंजिन चढवले, आणि त्यात लबाडी काहीच नव्हती. तेव्हा चासी आणि इंजिन या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत असे धरूनच चाल. दोघांचे नंबर सारखे असण्याची अपेक्षाही ठेवू नकोस, गुझ्झीच्या कारखान्यात तशी पद्धत नव्हती.

खरी परीक्षा लाल चासीच्या गाड्यांची. व्ही७ स्पोर्टच्या पहिल्या थोड्या गाड्या इटलीतल्या मांडेलो गावच्या गुझ्झी कारखान्यातील प्रायोगिक विभागात हाताने जुळवल्या गेल्या, त्यांच्या चासीला लाल रंग होता आणि टाकीला पोपटी हिरवा. आज त्यांना येणारी किंमत पाहून साध्या व्ही७ स्पोर्टची चासी लाल रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. रंगाकडे म्हणून पाहूच नकोस. हँडल ज्या नळीत फिरते तिच्यावर ठोकलेला नंबर पाहा आणि त्याचे फोटो रंग खरवडण्याआधी, तिरप्या उजेडात काढून मागव. पंचाने ठोकलेल्या अंकाच्या कडेला धातू किंचित उचललेला दिसतो. जुना अंक घासून नवा ठोकला असेल, तर आजूबाजूची नळी किंचित सपाट झालेली असते, आणि ते डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. म्हणून शंका आली की फोटोवर भागवू नकोस, गाडीपाशी जा. मालक सहसा कौतुकाने इंजिन चालू करून दाखवतो, ॲक्सिलरेटर पिळल्यावर उभी गाडी उजवीकडे कलते, आणि तेवढ्यात आपण नंबर विसरतो. (त्या झोक्याची भुरळ मला अजून पडते.) आधी नंबर, मग इंजिन.

अमेरिकेच्या कागदांवर विसंबताना जपून राहा. तिथे पोलिसांनीही या गाड्या वापरल्या, त्यामुळे तिकडून पुष्कळ माल येतो, पण मालकीच्या कागदावरचे वर्ष कधी कधी विक्रीचे असते. गाडी दुकानात पडून राहिली असेल, तर ती त्याआधीच्या वर्षी बनलेली निघते.

नकार देण्याची वेळ येईल तेव्हा पत्र लहान ठेव. ‘बनावट’, ‘फसवणूक’ असे शब्द वापरू नकोस, कारण पत्र वाचणारा बहुतेक वेळा स्वतःच फसलेला असतो आणि त्याने आयुष्याची पुंजी त्यात घातलेली असते. काय पाहिले, कुठे पाहिले आणि त्यावरून कोणते वर्ष लिहिता येईल, एवढेच कळव. चासी अमुक वर्षाची आणि इंजिन नंतरचे, असा प्रामाणिक दाखला बहुतेकांना चालतो, आणि अशी गाडी रस्त्यावर तितकीच छान पळते. समितीतल्या ज्येष्ठांनी ओळखीच्या माणसासाठी गळ घातली तर त्यांनाही हेच पत्र दाखव. माझ्यावर असा प्रसंग आला होता, दोन-तीन महिने अबोला सहन करावा लागला, पुढे तेच गृहस्थ त्यांच्या नव्या गाडीचे फोटो घेऊन आले.

वह्या, पत्रव्यवहार आणि ठशांचे फोटो खोक्यात भरून ठेवले आहेत. नंबरांच्या यादीत पेन्सिलीने केलेल्या खुणा म्हणजे मी स्वतः न पाहिलेल्या गाड्या, त्यांच्यावर शाई फिरवू नकोस. सप्टेंबरात मांडेलोला जगभरचे गुझ्झीवाले जमतात, तिथे जाणार असशील तर यादीची एक प्रत बरोबर ने, त्यातल्या काही गाड्या तिथे प्रत्यक्ष भेटतील. सध्या तीन अर्ज पडून आहेत. त्यांतला लाल चासीचा अर्ज आपण दोघे मिळून पाहू, उरलेले दोन तू एकट्याने कर.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
क्लबातला जुना सभासद