कथा लिहिण्याआधी पूर्ण आराखडा करावा, की सुचेल तसं लिहीत जावं?

तुम्ही म्हणता आराखडा तयार आहे, नायक, नायिका, खलनायक, शेवट सगळं ठरलंय, पण कथा दुसऱ्या पानापुढं सरकत नाही. सरकणारच नाही. शेवट आधी पक्का केला की पात्रं नुसती तिकडं चालत सुटतात, वाटेत काही करत नाहीत.

मी निपाणीची. आमची आत्ती विड्या वळायची, तिच्यावर कथा लिहायला घेतली होती. बेळगावात एका कार्यशाळेला गेले, तर सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. सुरुवात, उत्कर्षबिंदू, शेवट. आराखडा दाखवल्याशिवाय पुढं लिहायचं नाही. माझ्या कथेचा उत्कर्षबिंदू तर त्यांनीच ठरवून टाकला : बाई चेकरच्या, म्हणजे विड्या तपासून घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, अंगावर मांडीवरचं पाखडायचं सूप फेकते.

आत्तीनं सूप फेकलं नसतं. फेकलं तर उद्यापासून विड्यांसाठी मिळणारं तेंदूचं पान आणि तंबाखू बंद, म्हणजे कामच बंद. मी घरी येऊन आधी तिचं काम लिहून काढलं. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोरा, टोक मुडपायचं. मग चेकर विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, अंगठ्यानं दाबून बघणार आणि सैल विड्या बाजूला काढणार. ती छाट. तिची मजुरी नाही, विड्याही परत नाहीत. हे लिहिता लिहिता सुपाशेजारी गृहपाठ करणारी पोरगी आली आणि आई तिला म्हणाली, "रोजची छाट वहीत मांडून ठीव गं." महिनाअखेरीला ती वही चेकरसमोर उघडते, एवढीच कथा. सर म्हणाले, यात संघर्ष नाही. हाताला आलेली मजुरी कापली जाणं हा संघर्ष नाही, तर मग कुठला, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

आराखडा मीही करते, पण पहिल्या खर्ड्यानंतर. प्रसंगागणिक एक चिठ्ठी. जी उचलली तरी काही बिघडत नाही, तो प्रसंग गेला.

हां, रहस्यकथा असेल तर शेवट आधी हवाच, नाहीतर धागेदोरे पेरणार कसे? आणि 1981 च्या आमच्या निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनावर लिहायचं, तर पुणे-बंगळूर रस्ता अडवल्यापासून 6 एप्रिलच्या पोलीस गोळीबारापर्यंत कोण कुठं होतं, याचं टिपण लागतंच.

तुमच्या प्रश्नात नायक, नायिका, खलनायक सगळे आहेत. पोटासाठी कोण काय करतं, ते मात्र कुठंच नाही. आधी तेवढीच दोन पानं लिहा.