नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येतील असे गरम पाण्याचे झरे कुठे आहेत? आईवडील सोबत आहेत, फार चढण नको.

तुमच्या अटी पाहता मी डोळे झाकून वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी सांगेन. माझ्या आईवडिलांना घेऊन मी तीनदा गेलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहाटे पाचला निघा. महामार्गाने कसारा घाट उतरून शहापूरच्या पुढे, भिवंडीच्या अलीकडे अंबाडीच्या बाजूला वळायचं. चहासाठी थांबत गेलात तरी तीन-साडेतीन तासांत पोचाल. गाडी वज्रेश्वरीत देवळापाशी ठेवा आणि तिथून पुढे पायीच जा. तिथून अकलोलीची कुंडं दीड-दोन किलोमीटरवर आहेत, रस्ता सपाट आहे आणि शेजारी तानसा नदी आहे. गणेशपुरीही तेवढीच जवळ. आई थकली तर रिक्षा मिळते. पण गाडीतून उतरून थेट कुंडात पाय घालण्यात ती मजा नाही. थंडीतल्या सकाळी चालून अंग जरा तापलेलं असावं, नदीवर धुकं असावं आणि मग पुढे कुंडावरची वाफ दिसावी.

आधी देवीचं दर्शन घ्या. 52 पायऱ्या आहेत, सावकाश चढल्या तर माझ्या आईसारख्या गुडघेदुखीवाल्यांनाही जमतात. देऊळ बाहेरून किल्ल्यासारखं दिसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता, 1739 मध्ये वसई सर झाली आणि तो नवस फेडण्यासाठी देऊळ बांधलं.

गंधकामुळे पाणी तापतं, असं तिथे प्रत्येकजण सांगतो. लहानपणी मलाही तेच सांगितलं होतं. पण ते खरं नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांमधून खूप खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढत जाते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं आणि येताना खडकातले क्षार घेऊन येतं. वास आला तर तो या प्रवासातला, उष्णता मात्र खोलीची. खाली ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवलाय. हे कळल्यापासून त्या पाण्यात साबण लावायला माझा हात धजत नाही. अकलोलीच्या काठावर शाम्पूच्या पुड्या पडलेल्या दिसतात तेव्हा जीव तुटतो. तुम्ही साबण नेऊच नका, कृपा करून.

सगळी कुंडं सारखी गरम नसतात. काहींत सहज उतरता येतं, काहींत पाय टेकवला की झटक्यात मागे घ्यावा लागतो. आधी हाताने पाहा, मग घोटे, मग गुडघे. माझे वडील पहिल्या खेपेला सरळ गळ्यापर्यंत उतरले आणि वीस मिनिटं बसून राहिले. बाहेर येताना पायरीवर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चेहरा पांढरा पडला होता, पण गळ्यापाशी पाण्याची तांबडी रेघ स्पष्ट दिसत होती. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, एकदम उभं राहिलं की रक्तदाब घसरतो. तेव्हापासून आमचा नियम आहे: दहा मिनिटं, मग बाहेर, काठावर बसून पाणी प्यायचं, वाटलं तर पुन्हा. वडिलांना बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डोकं बुडवू नका, मुलांना तर अजिबात नाही. अशा कोमट-गरम पाण्यात मेंदूला घातक ठरणारा अमीबा असू शकतो आणि तो नाकावाटे शिरतो. फार विरळा प्रकार आहे, पण नाक पाण्याबाहेर ठेवायला काही कष्ट पडत नाहीत.

गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाजवळ कुंडं आहेत, नित्यानंद महाराजांची समाधीही तिथेच. मला हे गाव अकलोलीपेक्षा शांत वाटतं. वेळ कमी पडला तर अकलोलीत थोडं कमी थांबा, पण गणेशपुरी सोडू नका.

डिसेंबर-जानेवारीतला मधला वार निवडा. रविवारी गर्दी होते, चैत्र अमावास्येला जत्रा असते. भर पावसात जाऊ नका, तानसा फुगते आणि काठावर उतरणं धोक्याचं होतं.

मुक्कामाची तयारी असेल तर सातपुड्याच्या पायथ्याचं उनपदेव पाहा, चोपडा तालुक्यात अडावदजवळ. तिथे गोमुखातून गरम पाणी पडतं. उनपदेव, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, या सगळ्या नावांत ऊन आहे. आपल्या आधीच्या लोकांनी पाण्यावरूनच गावं ओळखली.

कोरडे कपडे, दोन टॉवेल, आईसाठी न घसरणारी चप्पल आणि घरची भाकरी बरोबर ठेवा. तीनच्या सुमारास परत निघालात तर कसारा घाट उजेडात चढून होतो.