सह्याद्रीत ट्रेक केलेत. आता युटाच्या वाळवंटी घळींत गाडीने आणि पायी फिरायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवस मोकळे आहेत, लास वेगासला गाडी भाड्याने घेणार आहात आणि उद्यानांतल्या गर्दीपेक्षा कच्चे रस्ते आणि अरुंद घळी बघायच्या आहेत. मी नऊ वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहते, वर्षातून दोन-तीनदा तरी त्या भागात जाते. आधी एक विनंती करते. ऑगस्ट नको, ऑक्टोबरमध्ये या.

जुलै ते सप्टेंबर हा तिथला पावसाळा. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी एखादाच ढग भरून येतो, अर्धा तास कोसळतो आणि जातो. पण सगळा उघडा खडक, पाणी मुरायला जागाच नाही, त्यामुळे ते सगळं घळीत उतरतं. सांधण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको. तिथे निदान पाऊस आपल्या डोक्यावर असतो. इथे वर ऊन असताना लोंढा येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, आणि पाऊस पडला होता काही मैल वरच्या अंगाला. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कीहोल कॅन्यनमध्ये ७ जण असेच गेले. म्हणून घळीच्या तोंडाशी उभं राहून आभाळ बघणं पुरेसं नाही, तिचा वरचा पाणलोट कुठवर जातो ते नकाशावर आधी बघायचं.

आता जागा. सहा दिवसांत युटातली पाचही राष्ट्रीय उद्यानं करू नका, निम्मा वेळ गाडीतच जाईल. एस्कलांटे गावात मुक्काम टाका. वेगासहून साधारण पाच तास. भोवती ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हा १९९६ साली संरक्षित झालेला, सुमारे १९ लाख एकरांचा मुलूख आहे. त्यातला एकच रस्ता नीट बघा: होल-इन-द-रॉक रोड.

गावाच्या पूर्वेला पाचेक मैलांवर हायवे १२ सोडून हा कच्चा रस्ता आग्नेयेला निघतो आणि पन्नासहून जास्त मैल जातो. १८७९ च्या हिवाळ्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची सुमारे २५० माणसं बायकामुलांसह, गाड्या-बैल घेऊन याच वाटेने गेली. सहा आठवड्यांचा प्रवास समजून निघाले होते, लागले सहा महिने. मागचे डोंगर बर्फाने बंद झाले, परतायची सोय उरली नाही. शेवटी कड्यातली एक फट सुरुंगाने रुंद करून जानेवारी १८८० मध्ये त्यांनी गाड्या दोरांनी आवळत कोलोरॅडो नदीपर्यंत उतरवल्या. वाटेत डान्स हॉल रॉक लागतो. खडकाचं नैसर्गिक रंगमंदिरच ते. तळ पडला असताना ही माणसं तिथे नाचायची. त्या खडकाच्या सावलीत मी दर वेळी थोडा वेळ बसते.

सुमारे २६ मैलांवर ड्राय फोर्कचा फाटा आहे. तिथून पीक-अ-बू आणि स्पूकी या दोन घळी. पीक-अ-बूमधून वर चढा आणि स्पूकीतून खाली या. स्पूकी काही ठिकाणी जेमतेम दहा इंच रुंद आहे. पाठीवरची सॅक काढून हातात आडवी धरायची, मान एका बाजूला वळवायची आणि खेकड्यासारखं सरकायचं. खडकाला छोट्या छोट्या पुळ्या आहेत, शर्टाची बटणं त्यावर खरखर वाजतात. अंगाने भरलेल्या माणसाने किंवा कोंडल्यासारखं वाटणाऱ्याने तिथे शिरू नये, मध्येच वळायला जागा नाही.

रस्त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ट्रेकची सवय असलेली माणसं इथेच फसतात. कोरडा असताना तो पन्हाळी पत्र्यासारखा खडखडतो, पण सावकाश गेलं तर ड्राय फोर्कपर्यंत साधी गाडी बहुधा जाते. शेवटचे काही मैल मात्र फोर-व्हील-ड्राइव्हचेच. ओला झाला की गोष्टच वेगळी. या भागातल्या बऱ्याच रस्त्यांत बेंटोनाइटची चिकणमाती आहे. माझ्या पहिल्या वर्षी रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी लख्ख ऊन बघून मी कॉटनवुड कॅन्यन रोडवर शिरले. मैलभरात चाक आणि मडगार्डच्या मधली जागा मातीने गच्च भरली आणि चाकं फिरेनात. तंबूच्या खुंटीने माती उकरत होते, ती खुंटीलाच चिकटून वर येत होती. दुपारी जमीन वाळली तेव्हा सुटका झाली. पाऊस झाला असेल तर निदान एक दिवस थांबा, आणि निघण्यापूर्वी गावातल्या माहिती केंद्रात रस्त्याची स्थिती विचारा. भाड्याच्या गाड्यांना करारात बहुतेक वेळा कच्चा रस्ता मना असतो, तो कागद वाचा. गावातले वाटाडे त्यांच्या गाडीने वाटेच्या तोंडाशी सोडतात, तुमच्यासाठी तेच बरं.

माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, शिवाय गाडीत वेगळा कॅन. स्टेपनीत हवा आहे का बघा, जॅकखाली ठेवायला फळी घ्या, वाळूत जॅक खचतो. फोनला रेंज नाही. कुठे जाताय आणि कधी परतणार हे कुणाला तरी लिहून द्या. २००३ मध्ये एरन राल्स्टन ब्लूजॉन कॅन्यनमध्ये दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडून होता, कारण तो कुठे गेलाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि पाय कुठे टाकता ते बघा. वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसेल, तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरियांनी वाळू धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. खडकावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चाला.

ढग दिसले तर त्या दिवशी घळीचा बेत सोडून डांबरी हायवे १२ वरच्या काफ क्रीकला जा. जाऊन-येऊन सहा मैल, शेवटी १२६ फुटांचा धबधबा. वाटेत पलीकडच्या कड्यावर फ्रीमाँट या इथल्या प्राचीन मूळ रहिवाशांनी लाल रंगात काढलेल्या तीन मोठ्या मानवाकृती आहेत. दुर्बीण घेऊन जा.

ऑक्टोबरात ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी होतात. रात्री पारा शून्याजवळ उतरतो, तंबूत झोपणार असाल तर जाड स्लीपिंग बॅग आणा.