मनाच्या गोळ्या चालू असताना शरीराच्या तपासण्या

धनकवडीच्या एका वहिनींनी नणंदेविषयी विचारलेला प्रश्न स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार असलेल्या स्त्रियांच्या अनेक घरांतून माझ्यापर्यंत येतो (तपशील बदलले आहेत): "गोळ्यांनी आत्ता कुठे घडी बसली आहे, या तपासण्यांच्या मागे लागलो आणि ती पुन्हा बिथरली तर?"

नणंद चाळिशीची, अविवाहित. वर्षभर पाळी आली नव्हती आणि घरच्यांनी ती 'लवकर गेली' असे धरून विषय सोडून दिला होता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की या आजारावरच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी थांबू शकते आणि ही स्थिती वर्षानुवर्षे राहिली तर हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन हे याच आजारावरचे औषध चालू असेल, तर वजन आणि रक्तातील साखर यांवर विशेष लक्ष ठेवावे लागते.

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांसाठी स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आणि मानसिक आजार हे ती टाळण्याचे कारण नाही. 'लग्न झालेले नाही, तिला कशाला' हे उत्तर तर मला फार अस्वस्थ करते, कारण अशा स्त्रियांवर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका अधिक असतो आणि त्याविषयी त्यांना एकांतात, विश्वासात घेऊन विचारणारे क्वचितच कोणी भेटते.

नणंदेची भीती मात्र खरी होती. दाराला आतून कडी लावणार का, हे तिने मला पुन्हा पुन्हा विचारले. म्हणून स्त्री डॉक्टर, सकाळची पहिली वेळ, उशाशी वहिनी आणि तिने हात वर केला की तपासणी थांबवायची, असे आधीच ठरवले. पहिल्या भेटीत तिने रक्त दिले, पण टेबलावर झोपण्यास नकार दिला. डॉक्टरांनी आग्रह धरला नाही. पुढच्या भेटीत तपासणीचे उपकरण स्वतः हातात घेऊन पाहिल्यावर ती तयार झाली. प्रोलॅक्टिन वाढलेले निघाले आणि मनोविकारतज्ज्ञांनी औषध हळूहळू बदलले. आजार उफाळला नाही.

पाळी थांबली म्हणून गोळ्या मात्र आपल्या मनाने कोणीही बंद करू नयेत. औषधांची चिठ्ठी आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत न्यावी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मनोविकारतज्ज्ञांशी स्वतः बोलावे, अशी विनंती निःसंकोच करावी.