विचारायला काय जातंय?

ह्या वेळी प्रश्नांचा ढीग आलाय, त्यातले चार घेतलेत. उत्तरं देणारी मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात टीवाय (तिसऱ्या वर्षाला) बीकॉमला आहे आणि गेलं वर्षभर एफवायवाल्यांची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची स्टुडंट मेंटॉर. मेंटॉर म्हणजे टीचर नाही, काउन्सेलर तर अजिबातच नाही, दोन वर्षं आधी त्याच खड्ड्यात पडून बाहेर आलेली सीनियर एवढंच.

ताई, मी मुरबाडची. बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालं, आता ठाण्यात बीकॉमला ॲडमिशन घेतलीय. मॅडम अख्खं लेक्चर इंग्लिशमध्ये घेतात, माझ्या डोक्यावरून जातं. बाजूची मुलगी फटाफट नोट्स काढते. डाऊट विचारला तर सगळे हसतील असं वाटतं. ॲडमिशन कॅन्सल करू का?

कॅन्सलचं नाव काढू नकोस गं, निदान पहिली इंटर्नल, म्हणजे कॉलेजची आतली परीक्षा होईपर्यंत तरी. मीपण मराठी मीडियमचीच, कोपरखैरण्याच्या शाळेतली. इकॉनॉमिक्सच्या पहिल्या लेक्चरला मॅडम ‘इलास्टिसिटी ऑफ डिमांड’ म्हणाल्या आणि मी वहीत लिहिलं ‘इलास्टिक सिटी’, म्हटलं असेल कुठलंतरी शहर. तीन आठवडे ते शहर माझ्या वहीत होतं! मग एकदा वैतागून घरी बारावीचं पुस्तक उघडलं तर मागणीची लवचिकता, अरे हे तर मी बोर्डाला लिहून आलेय. मिठाचा भाव दुप्पट झाला तरी घरात मीठ तेवढंच लागतं, पण कँटीनचं सँडविच पाच रुपयांनी वाढलं की सगळी गँग गेटबाहेरच्या वडापावकडे, भाव बदलला की मागणी किती हलते, एवढंच आहे ते.

अकाउंट्सचं तर अजून सोपं. जर्नल म्हणजे तुझी रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. म्हणजे तुला येतंय, फक्त नावं बदललीत. एक वही कर, मधोमध रेघ मार, डावीकडे लेक्चरला ऐकू आलेला शब्द, स्पेलिंग चुकलं तरी चालेल, देवनागरीत लिहिलास तरी चालेल, आणि उजवीकडे घरी जाऊन मराठी शब्द. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये मिळतात, मराठी आणि इंग्लिश दोन्ही, तेच धडे समोरासमोर ठेवून बघ. माझी अशी वही दिवाळीपर्यंत भरली आणि नंतर मला ती लागलीच नाही.

डाऊट वर्गात विचारायची हिंमत नसेल तर लेक्चर संपल्यावर मॅडम रजिस्टर गोळा करत असतात तेव्हा जा, सरळ मराठीत विचार. ठाण्यातल्या कॉलेजातल्या मॅडमला मराठी येत नसेल असं फार कमी वेळा होतं. आणि त्या बाजूच्या मुलीचं टेन्शन घेऊ नकोस, मी अशाच एकीच्या नोट्स झेरॉक्स मारल्या होत्या, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन केला तर अर्ध्या ओळी तिलाच वाचता येईनात.

अजून एक, काही पेपर मराठीतून लिहायची मुभा असते. तुझ्या कोर्सला कुठल्या विषयांना आहे ते ऑफिसच्या खिडकीवर आत्ताच विचारून घे, हॉल तिकीट आल्यावर नाही. आणि कल्याणला जाऊन मग एसटी पकडायची, घरी पोचेपर्यंत अभ्यासाचा जीव राहत नसेल, तर आठवड्यातून एखादा दिवस ठाण्यातच थांब, मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे इथे, तिथे मराठीतून काय मिळतंय ते चौकशी करून ये.

सीनियर म्हणतात अटेंडन्स वगैरे कोण बघत नाही, खरंय का? (घणसोली)

तो सीनियर स्वतः डिफॉल्टर लिस्टमध्ये (कमी हजेरीवाल्यांच्या यादीत) आहे का ते बघ आधी. नियम ७५ टक्क्यांचा आहे. हिशोब कर, चार क्रेडिटच्या थिअरी विषयाला साधारण ६० तास, त्यातले ४५ बसायचे, म्हणजे १५ हातात. पंधरा आठवड्यांची टर्म धरली तर आठवड्याला एक. ऐकायला भरपूर वाटतं, पण आपल्याकडे गणपतीला गावी गेलं की आठ दिवस गेलेच, मग पावसात ट्रेन बंद, मग व्हायरल. माझं फर्स्ट इयरला असंच झालं, कावीळ झाली, सर्टिफिकेट बरी झाल्यावर देऊ म्हणून ठेवलं, तोवर नोटीस बोर्डावर नाव लागलं आणि बाबांना सुट्टी टाकून यावं लागलं. सर्टिफिकेट आजारी असतानाच कुणाच्या तरी हातून पाठव. आणि केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर जग बुडत नाही, एटीकेटीचा अर्थच मुळी टर्म पुढे चालू ठेवायला परवानगी असा आहे, पण ती सोडवायला बसतोस तेव्हा मित्र मात्र पुढच्या सेमचं सबमिशन करत असतात.

माझा मुलगा ऐरोलीहून नेरूळला इंजिनीअरिंगला जातो. दोन महिने झाले, घरी काही बोलतच नाही, विचारलं की चिडतो. काय करावं? (एक आई)

काकू, तुम्ही काय विचारता ते मला माहीत नाही, पण आमच्या घरी पहिला प्रश्न ‘टेस्टला किती पडले’ हाच असायचा, म्हणून मीपण आधी दप्तर टाकून बाथरूममध्येच जायचे. दोन दिवस मार्कांचं सोडा, डब्याला कोण सोबत असतं, येताना बसायला मिळालं का, असलं काहीतरी विचारून बघा. बऱ्याचदा बारावीला नव्वदीत असलेली मुलं फर्स्ट इयरच्या मॅथ्सला आपटतात आणि घरी तोंड कसं दाखवायचं कळत नाही. पण झोप, जेवण उडालं असेल, कॉलेजला जायचंच नाही म्हणत असेल तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात, तुम्ही स्वतःपण फोन करू शकता. रॅगिंगची शंका आली तर १८००-१८०-५५२२. प्रिन्सिपलना काय वाटेल हा विचार नंतर.

रेल्वे पासचं कन्सेशन कसं काढायचं? ठाण्याहून वाशीला जायचंय.

कॉलेजच्या ऑफिसात आयकार्ड आणि फीची पावती घेऊन जा, फॉर्म मिळाला की त्याच दिवशी तिकीट खिडकी गाठ, कारण फॉर्मवर तारीख असते आणि ती संपली की परत पहिल्यापासून रांग. नावाचं स्पेलिंग आयकार्डवर आहे तसंच. ट्रान्स-हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) ठाण्याला ९, १० नंबर प्लॅटफॉर्मवर, पण इंडिकेटर बघून चढ, तुर्भ्यानंतर लाइन फुटते, एक सानपाडा-वाशी आणि दुसरी जुईनगर, नेरूळ, पनवेल. पनवेलची पकडलीस तर घाबरू नकोस, तुर्भ्याला उतर आणि मागची वाशी घे.