सहा महिने आधी डिग्री घेऊ का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी शिरोड्याची, फोंड्याला बीएस्सी करते, केमिस्ट्री मेजर. आत्ताच सेम 2 ची परीक्षा झाली, मार्क्स चांगले पडतात. पप्पांची टॅक्सी आहे, सीझनला ठीक चालतं पण पावसाळ्यात भाडंच नसतं आणि लोनचा हप्ता काही थांबत नाही. भाऊ यंदा बारावीला, त्याला इंजिनिअरिंग करायचंय. माझा मामा वेर्णेला एका फार्मा कंपनीत आहे, तो म्हणतो डिग्री हातात आली की लॅबमध्ये लावून देतो. आता नवीन नियमात तीन वर्षांची डिग्री अडीच वर्षात करता येते असं ऐकलं. करू का? पुढे एमएस्सी करायची पण इच्छा आहे. घरी अजून काही बोलले नाही.

उत्तर: तू ऐकलंस ते खरं आहे बाय. यूजीसीने नोव्हेंबर 2024 मध्ये ही पद्धत मंजूर केली. पहिलं किंवा दुसरं सेम संपताना मागणी करायची, कॉलेजची कमिटी मार्क्स आणि कुवत बघते, आणि मंजूर झालं तर तीन वर्षांची डिग्री पाच सेममध्ये. एक सेम वाचतं, त्याहून जास्त नाही. मंजूर सीट्सपैकी 10 टक्क्यांपर्यंतच सीट्स यासाठी ठेवता येतात आणि ठेवायच्या की नाही हे संस्थेवर आहे, म्हणजे पहिली फेरी कॉलेजच्या ऑफिसात. डिग्रीची किंमत तेवढीच राहते, फक्त कमी वेळात पूर्ण केली अशी नोंद येते, तिची भीती बाळगू नकोस.

पण तुझ्या बाबतीत मला हे पटत नाही. का ते सांगते.

तीन वर्षांचे 120 क्रेडिट्स, तुझे 40 झाले, उरले 80. ते चार सेमऐवजी तीन सेममध्ये म्हणजे दर सेमला 20 च्या जागी साधारण 27, ऐकायला जमेल असं वाटतं. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास वर्ग, त्यामुळे आठवड्याला सातेक तास जास्त, हुशार मुलगी ओढून नेईल. अडचण वेगळीच आहे. चवथ म्हणजे गणपती येतात ते सेम 3 आणि 5 मध्ये, शिगमो येतो तो सेम 4 आणि 6 मध्ये, आणि कॉलेजं साधारणपणे सेम 6 चे पेपर त्या दुसऱ्या अर्ध्या वर्षातच शिकवतात. तू सेम 5 नंतर बाहेर पडणार तर सेम 6 चे पेपर घेणार कधी? सेम 4 मध्येच, त्या सेमच्या स्वतःच्या पेपरांसोबत, सेम 5 मधलं शिकायच्या आधी. म्हणजे हिशेबात 27-27-27 दिसतं पण खरा डोंगर एकाच सेमवर कोसळतो. काही क्रेडिट्स स्वयम या सरकारी पोर्टलच्या ऑनलाइन कोर्समधून मिळवता येतात, पण तुझा विषय केमिस्ट्री, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास लॅबमध्ये उभं राहावं लागतं, ते मोबाइलवर होत नाही, आणि टीवायची (तिसऱ्या वर्षाची) बॅच लॅबमध्ये असते तेव्हाच तुझं एसवायचं (दुसऱ्या वर्षाचं) लेक्चर असलं तर काय करशील? म्हणून ऑफिसात नुसतं स्कीम आहे का असं विचारू नकोस, एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना भेट आणि सेम 4 चं टाइमटेबल कसं बसेल ते कागदावर मांडून माग. ते मांडू शकले नाहीत तर विषय तिथेच संपला.

आणि मिळवायचं काय, तर सहा महिन्यांचा पगार. तोही मामाच्या शब्दावर. मामा मनापासूनच बोलला असणार, पण त्याला नीट विचार की डिसेंबरमध्ये कंपनी फ्रेशर घेते का, आणि क्यूसीमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात घेताना काय बघतात. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायच्या यंत्रावर हात बसलेली मुलगी त्यांना हवी असते, आणि तो हात बसतो शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आणि प्रोजेक्टला, नेमकं तेच तू घाईत उरकणार. एमएस्सीचं म्हणशील तर प्रवेश पावसाळ्याच्या तोंडावर, गोवा युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा जीयू-आर्ट पण वर्षातून एकदाच, तिथे लवकर सुटून एक दिवससुद्धा वाचत नाही. उलट चौथं वर्ष ऑनर्स केलंस तर एमएस्सी एका वर्षाची होते, हा रस्ता आत्ता बंद करू नकोस.

पैशाचं ओझं खरं आहे, ते मी हलकं धरत नाही. पण ते तुला अंगावर घ्यायचंय भावासाठी, आणि पप्पांना याचा पत्ताच नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्याशी बोल गं. भावाच्या शिक्षणासाठी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जाची स्कीम आहे, त्याच्या कोर्सला, तुमच्या उत्पन्नाला ती बसते का याची चौकशी आत्ताच करा, अ‍ॅडमिशनच्या धावपळीत नको. तू मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या ओळखीने इंटर्नशिप बघ, पुढे नोकरी मागताना हेच कामाला येईल.

आणि घरची वेळ खरंच कठीण आली, शिक्षण मधेच थांबवावं लागलं, तर दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी उन्हाळ्यात 4 क्रेडिट्सचा व्होकेशनल कोर्स करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करायची, क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे एबीसीच्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. तुझं एबीसी अकाउंट उघडलंय ना आणि सेम 1 चे क्रेडिट्स त्यात दिसतायत का तेवढं आजच बघून घे, आणि एचओडी काय म्हणाले ते मला कळव.