नाशकात राहून वर्षभरात १०० पक्षी टिपायचे आहेत, ७०-३०० ची लेन्स पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स हाताशी आहे, जून ते मे या वर्षात १०० जातींचे ओळखू येतील असे फोटो काढायचे आहेत, सुट्टी फक्त रविवारी, आणि ६०० मिमीची लेन्स घ्यावी की नाही हे ठरत नाही.

१०० होतात. पण बहुतेकांचा हिशोब असा असतो की डिसेंबरात निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात चार चकरा मारल्या की साठ-सत्तर तिथेच उरकतील. घोडं अडतं ते इथेच. तिथे पक्षी भरपूर दिसतात, पण लांब. त्यामुळे आधी अंतराचं गणित समजून घ्या, बाकीचं नियोजन त्यावरूनच सुचतं.

लेन्सचे मिमी गुणिले पक्ष्याची मीटरमधली लांबी, भागिले मीटरमधलं अंतर. जे उत्तर येईल तेवढे मिमी पक्षी सेन्सरवर उमटतो. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३ मिमी. १५ सेंमीची चिमणी ३०० मिमीने ६ मीटरवरून टिपली तर साडेसात मिमी भरते, म्हणजे चौकटीचा एक तृतीयांश. तीच १५ मीटरवर गेली की ३ मिमी, आठवा हिस्सा. पाण्यातलं अर्ध्या मीटरचं बदक ८० मीटरवर असेल तर २ मिमीही भरत नाही. ओळख पटते, पण फोटोत दम नसतो. उलट जवळजवळ मीटरभर उंचीचा चित्रबलाक ४० मीटरवरही सात मिमी देतो. तेव्हा ३०० मिमीसाठी माझा साधा नियम : लहान पक्षी ८ मीटरच्या आत, मोठे ४० च्या आत. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात, कुठे आणि कशामुळे इतका जवळ येऊ देतो, हे पाहून वर्ष आखा.

पहिले ३० ते ३५ घराजवळच उरकून घ्या, कारण माणसांना सरावलेले पक्षीच जवळ येऊ देतात. गोदाकाठ, तपोवन, सोमेश्वर, शहराच्या कडेची शेतं आणि मळे. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, शिंजीर, मुनिया, वटवट्या, तांबट, भारद्वाज, हुदहुद, राखी धनेश, वेडा राघू, खंड्या, वंचक, गायबगळा, टिटवी, कोतवाल, कापशी. घाटावरचा धोबी पक्षी तर पायाशी येतो. यांना हलकं समजू नका. कॅमेऱ्यावर हात बसवायचा तो यांच्यावरच, नांदूरला जाऊन नव्हे.

जून-जुलैत चातक येतो. माळावरच्या बाभळींवर, तारांवर उघडा बसतो. त्याच सुमारास सुगरण नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला खोपे लटकू लागतात. इथे एक पथ्य पाळा : खोप्यांपासून १५-२० मीटर लांब बसा आणि नर पाती फाडून आणतो त्या गवताकडे लेन्स लावा. फोटो जास्त चांगला येतो आणि वसाहतही विस्कटत नाही. इगतपुरी-भावलीकडे शीळकरी कस्तूर पहाटे शीळ घालतो. पण भर जुलैत, ढगाखालच्या झाडीत ही लेन्स वापरून आयएसओ ३२०० केला तरी शटर १/२०० च्या आसपासच अडकतं. तेव्हा नुसती शीळ ऐका, फोटोसाठी सप्टेंबरअखेरची उघडीप गाठा.

ऑक्टोबरात स्थलांतरित धोबी, गप्पीदास, खाटीक आणि नीळकंठ शेतांच्या कडेला दिसू लागतात. हे तारेवर, कुंपणाच्या खांबावर, उसाच्या बांधावर बसतात. यांच्यासाठी गाडी म्हणजे उत्तम लपणं. माणूस उतरला की नीळकंठ ५० मीटरवरून उडतो, गाडी थांबली तर १०-१२ मीटरवरही बसून राहतो. इंजिन बंद करा. त्याचा थरथराट तर असतोच, शिवाय बॉनेटवरून उठणारी गरम हवा लेन्ससमोरून गेली की फोटो मऊ येतो आणि दोष फोकसला जातो. खिडकीच्या काचेवर टेकवायला कापडी पिशवी शिवून घ्या, आत किलो-सव्वा किलो मटकी किंवा राजमा. गच्च भरू नका, लेन्स आत रुतली पाहिजे.

येवल्याकडचं ममदापूर काळविटांसाठी प्रसिद्ध आहे, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे गवताळ माळावरचे भोवत्ये (हॅरिअर, म्हणजे शिकारी पक्षी), चंडोल, माळटिटवी, पखुर्ड्या मिळतात. भोवत्ये सूर्यास्ताच्या तासभर आधी गवतात उतरू लागतात. तुम्ही त्यांच्या आधी पोहोचून एका जागी बसलेले हवेत. गाडी गवतात घालू नका आणि अंधारात हेडलाइट त्यांच्या बाजूला मारू नका. (संक्रांतीच्या तीन दिवसांत येवल्याची वाट टाळा. पतंगांचं गाव आहे ते, दुचाकीवर असाल तर मांजा गळ्याशी येतो.)

आता नांदूरमधमेश्वर. गोदावरी-कादवा संगमाजवळचा बंधारा, १९८६ पासून अभयारण्य, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शहरातून तासाभराची वाट, निफाडकडून किंवा सायखेड्याकडून. चापडगावला मनोरे आहेत. प्रवेशाचे आणि कॅमेऱ्याचे पैसे वेगळे लागतात, सुटे जवळ ठेवा. बदकं नोव्हेंबरपासून वाढत जातात, डिसेंबर-जानेवारीत भर, मार्चमध्ये ओसरतात : थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, गढवाल, चक्रवाक. बारमाही मंडळींत हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी, शेकाट्या, मोर शराटी, चमचा. रोहित (फ्लेमिंगो) दरवर्षी येतीलच असं धरून चालू नका.

तिथे काय मिळेल हे तारखेपेक्षा पाण्याच्या पातळीवर ठरतं, आणि ती ठरते कालव्यांच्या आवर्तनावर. वरून गंगापूर-दारणाचं पाणी सोडलं की बंधारा भरतो, गाळाची बेटं बुडतात आणि चिखलात चोच खुपसणारे तुतारी, शेकाट्या, चमचे पांगतात. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि हेच पक्षी काठाला येतात. म्हणून निघण्याआधी आवर्तन सुरू आहे का, याची चौकशी करा. पातळी उतरलेली असेल तर ३०० मिमीवाल्याने जरूर जावं. पातळी भरलेली असेल तर पाण्याचा नाद सोडून काठच्या पाणकणसातल्या पाणकोंबड्या आणि शेतातले खाटीक-गप्पीदास करावेत.

वेळेचंही तसंच. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे; डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठपर्यंत बऱ्याचदा धुकं असतं. धुक्यात काळ्या आकृतींचे फोटो छान येतात, ओळखीचे नाही. मग आठ ते साडेनऊ हा दीड तास सोन्याचा. त्यानंतर पाणी आणि गाळ तापून हवा थरथरते, आणि ५० मीटरपलीकडचं काहीही धारदार येत नाही. दहा वाजता काढलेला फोटो घरी येऊन पाहून लेन्स खराब आहे असं ठरवणारे कमी नाहीत. लेन्सचा काही दोष नसतो. महागड्या लेन्सनेही तोच फोटो तसाच येतो. अशा वेळी फक्त जवळचे पक्षी टिपा किंवा दुपारी चारनंतर परत या. मनोऱ्यावरून मोजणी छान होते, फोटोत मात्र पक्ष्याची पाठच येते. खाली उतरून पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला या. फक्त काठचा गाळ आधी काठीने चाचपा, वरून वाळलेला दिसतो आणि पाय पोटरीपर्यंत जातो.

सेटिंग पटकन सांगतो. अॅपर्चर ७.१ ते ८, कारण या वर्गातल्या बहुतेक लेन्स ३०० मिमीला पूर्ण उघड्या ठेवल्या की मऊ पडतात. शटर : बसलेल्याला १/६४०, चालणाऱ्याला १/१०००, उडत्या बदकाला १/२०००, वेड्या राघूला आणि पाकोळीला १/३२००. आयएसओ ऑटोवर, कमाल ६४००. फोटो थोडा दाणेदार आला तर सावरता येतो, हललेला येत नाही. सलग फोकस, फोकस-बिंदूंचा छोटा गट. पाणकणसात मात्र एकच बिंदू, नाहीतर कॅमेरा पुढचं पातंच पकडतो. एक्स्पोजर : उन्हातल्या पांढऱ्या बगळ्याला उणे एक, चमकत्या पाण्यावरच्या काळ्या वारकऱ्याला अधिक अर्धा ते पाऊण, आभाळातल्या घारीला अधिक दीड. रॉमध्येच काढा. लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर आजच काढून ठेवा, निम्मा मऊपणा कधीकधी तिथेच असतो.

फेब्रुवारी-मार्च हा माझ्या मते ३०० मिमीसाठी सगळ्यात चांगला काळ, आणि याच काळात लोक कॅमेरे ठेवून देतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलते. एक फुललेलं, फार उंच नसलेलं झाड शोधा, सूर्य पाठीशी राहील असे सकाळी सातला बसा आणि दोन तास हलू नका. भोरड्यांचे थवे, शिंजीर, चष्मेवाला, हळद्या, हरेवा, बुलबुल, कोतवाल सगळे त्याच झाडावर येतात. त्र्यंबक, हरसूल, पेठच्या बाजूला अशी झाडं रस्त्यालगत आहेत. झाड निवडताना फुलांमागे दूरवरचा डोंगर येईल असं बघा. मागे आभाळ आलं की पक्षी काळा पडतो.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. ती हिवाळ्यात घरटी करतात, त्यामुळे कड्यावर चढून वरून डोकावणं नको. ऊन तापून हवा वर उठू लागली, साधारण साडेनऊ-दहानंतर, की ती घिरट्या घालत पठाराच्या उंचीला येतात. पठारावर थांबलात तर बसल्या जागी नजरेसमोरून जातात. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर बसा. मेअखेर घाटाकडच्या ओढ्यांत स्वर्गीय नर्तक आणि नवरंग मिळू शकतात. नवरंगासाठी मोबाइलवर आवाज वाजवणारे भेटतील. तुम्ही वाजवू नका. तो त्याचा विणीचा काळ, नर चारा सोडून हद्द राखायला धावतो.

ओळखीत मार खाल तो बदकांच्या माद्या आणि बारक्या तपकिरी पर्णवटवट्यांत. मादी बदक बसलेली असताना फोटो काढून थांबू नका, पंख झाडते किंवा उडते तेव्हाचा पंखावरचा पट्टा हवा. चक्रांगाचा तो हिरवा असतो. वटवट्याची चोच, पाय, भुवई आणि शेपटीखालचा रंग असे वेगवेगळे फोटो घ्या आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. मराठी नावं गावागणिक बदलतात, म्हणून वहीत शास्त्रीय नावही लिहा, नाहीतर एकच पक्षी दोनदा मोजाल.

पावसाळ्यात बुरशीने लेन्स गेली तर वर्षच गेलं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. ६० च्या वर गेला की जेल कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परता. एसी गाडीतून थेट दमट हवेत लेन्स काढली की काच धुरकटते. पोहोचण्याआधी पंधरा मिनिटं एसी बंद करा. हिवाळ्यात उलट, घरी आल्यावर बॅग तासभर उघडू नका.

आणि ६०० मिमी? आत्ता नको. फेब्रुवारीपर्यंत तुमची संख्या ७५ च्या वर गेली असेल, आणि उरलेले बहुतेक पाण्यावरचे असतील, तर बदकं ओसरण्याआधी दोन दिवस भाड्याने घ्या, आवर्तन बंद असताना. भाड्याची लेन्स हातात पडल्यावर पहिला दिवस गोदाकाठी बगळ्यांवर घालवा. ६०० मिमीतून उडता पक्षी चौकटीत सापडायलाच अर्धा दिवस जातो, तो नांदूरला जायला नको.